पिठाची विरी

एप्रिल 2020. टाळेबंदीला तीन आठवडे होत आले होते. पुण्याच्या कडेला एका अर्धवट इमारतीमागे पत्र्याच्या पंचवीस-तीस खोल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात आम्ही चौघं टेम्पोतून किट उतरवत होतो. 'किट' हा शब्द तेव्हा घराघरांत शिरला होता. पाच किलो गव्हाचं पीठ, तीन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, तिखट, साखर, चहापूड, दोन साबण. वहीत नाव लिहायचं, किट खाली ठेवायचं, दोन पावलं मागे सरकायचं, पुढचं नाव.

रांगेत पन्नाशीची एक बाई होती. सोलापूरकडची, हे बोलण्यावरून लगेच कळत होतं. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं, पिठाचं पुडकं बाहेर काढलं, उलटसुलट केलं आणि मला विचारलं, "ताई, ह्याच्याऐवजी जवारी न्हाई का?"

मी म्हटलं, "मावशी, आत्ता मिळतंय ते घ्या की."

आवाज चढवला नव्हता. उलट समजुतीच्या सुरात म्हटलं होतं, आणि तेच जास्त वाईट. तिनं पुडकं परत पिशवीत सरकवलं, "तसं न्हवं, इचारलं आपलं," म्हणाली आणि निघून गेली. टेम्पोत बसल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "यातही लोकांना चोचले सुचतात बघ." मी हसले. हे लिहूनच टाकते, कारण ते वगळलं तर पुढचं काही लिहायला मला तोंड नाही.

हसले खरी, पण त्या रात्री भाकरी थापायला बसले आणि हात थांबला. तिचा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले होते. आजीच्या तोंडून.

आजीचं सासर सांगोल्याजवळचं. मंगळवेढा तिथून जवळ, म्हणजे ज्वारीचं कोठारच म्हणा. ज्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी खुली केली असं सांगतात, ते याच मंगळवेढ्याचे. मालदांडी ज्वारीची पांढरी भाकरी खाऊन वाढलेल्या या मुलखात 1972 साली पाऊस फिरकलाच नाही. त्याआधीची दोन वर्षंही धड नव्हती. आजी तेव्हा सत्तावीसची, माझे वडील आठ वर्षांचे, पाठची दोघं धाकटी. सगळं घर दुष्काळी कामावर गेलं. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्त्याची खडी. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमी याच कामांतून मोठी झाली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. इतक्या मोठ्या दुष्काळात भूकबळींचे ढीग पडले नाहीत, त्याचं श्रेय बरेच अभ्यासक या कामांना देतात. आजीला हे अभ्यासक ठाऊक नव्हते. ती म्हणायची, "खडीनं तारलं."

खडी फोडल्याची लाज तिला कधीच वाटली नाही. मुकादमानं हजेरीत कसा घोळ घातला आणि तिनं त्याला चार बायांदेखत कसा सुनावला, हे ती साठी उलटल्यावरही पदर खोचून सांगायची. घाम गाळून घेतलेलं दाम होतं ते. तिचा आवाज उतरायचा तो मिलोच्या गोष्टीपाशी.

मिलो म्हणजे अमेरिकेतून जहाजानं आलेली तांबडी ज्वारी. तिकडे ती बहुतेक जनावरांच्या खाण्यात जाते, ही बातमी कुणीतरी गावात आणलीच. (काँग्रेस गवतही असंच परदेशी गव्हाबरोबर आलं, असं आमच्याकडे सांगतात. दिलेल्या धान्याबरोबर काय काय आलं याची लोकांची यादी सरकारी यादीपेक्षा नेहमीच लांब असते.) पण आजीची तक्रार जनावरांच्या खाद्याची नव्हती. तिची तक्रार होती विरीची.

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, असं सांगून मोकळं होता येतं, पण मग भाकरी करणारीच्या हाताला काहीच श्रेय उरत नाही. गव्हाची कणीक कशीही तिंबा, ती सांभाळून घेते, कारण तिच्यात ग्लुटेन असतं. ज्वारीत ते नसतं. ज्वारीची भाकरी उभी राहते ती पिठाच्या ताजेपणावर, पाण्याच्या बेतावर आणि तळव्यानं रगडण्यावर. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी काठाला चिरते, परातीतून उचलताना हातात तुटते. मिलोचं पीठ दळून आणलं त्या दिवशीच विरी गेल्यासारखं वागायचं. मग आजी आधण ठेवून पिठाची उकड काढायची आणि ती थापायची. तरी तव्यावर पडेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. फुगायची तर ती नाहीच. पापुद्रा न सुटलेली भाकरी ही आजीच्या लेखी भाकरीच नव्हे.

"पोट भरायचं गं," ती म्हणायची. "पर जेवल्यावानी वाटायचं न्हाई."

कामावर दुपारी सगळ्या बाया लिंबाच्या विरळ सावलीत बसून फडकी सोडायच्या. सगळ्यांच्याच फडक्यात तीच तांबडी, मोडकी भाकरी. कुणी कुणाला नावं ठेवायचा प्रश्नच नव्हता. तरीही प्रत्येक जण फडक्याचं टोक वर ओढून, हात आत घालून तुकडा मोडायची, असं आजी सांगायची. गावातल्या बाईचं सुगरणपण तिच्या भाकरीवर जोखायचे ते दिवस. हात तोच, तवा तोच, आणि पुढ्यात ही भाकरी. कुणाला दोष द्यायचा? झाकायची.

मात्र एक सांगायला हवं, नाहीतर चित्र फारच सोयीचं होईल. त्याच कामांवर पोरांना सुकडी, म्हणजे पिठाचा गोड खाऊ, मिळायची. तीही दिलेली, तीही परकी. माझ्या वडिलांना ती अजून आठवते आणि आठवते ती गोड चवीसकट. रांगेत दुसऱ्यांदा उभं राहण्यासाठी ते सदरा उलटा घालून जायचे म्हणे. मदतीचं अन्न नेहमीच घशात अडकतं असं नाही. आठ वर्षांच्या पोराला भाकरीचा अभिमान नसतो. त्याला गोड खायचं असतं. आईला मात्र परातीसमोर बसून रोज हरायचं असतं. एकाच रांगेतली दोन माणसं, एकाच घरातली, आणि मदतीची चव दोघांना वेगळी लागली.

आता चोचल्यांचं बघू. 1996 साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली होती. तिथं देशोदेशींच्या सरकारांनी अन्नसुरक्षेची जी व्याख्या मान्य केली, तीत पुरेसं, सुरक्षित, पोषक या शब्दांबरोबर माणसाच्या आवडीनिवडीचाही उल्लेख आहे. तीन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं अन्नाच्या हक्काचा अर्थ उलगडताना लिहिलं की अन्न त्या त्या संस्कृतीत स्वीकारण्याजोगं असायला हवं. म्हणजे सोलापूरची ती बाई पुडकं उलटसुलट करून जे विचारत होती, ते जगानं कागदावर केव्हाच मान्य केलं होतं. कागद वाचलेली मी, आणि ऐकवलं काय, तर मिळतंय ते घ्या.

आपल्याकडचा कागदही तसा वाईट नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क केला. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये, भरड धान्य 1 रुपया किलो. जानेवारी 2023 पासून तेही फुकट. त्याच कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख ठरवली. आजी 2012 मध्ये गेली, नाहीतर जन्मात पहिल्यांदा तिचं नाव कुठल्यातरी यादीत आजोबांच्या वर लागलं असतं.

कायद्यात 'भरड धान्य' हे शब्द आहेत, दुकानात मात्र गहू आणि तांदूळ. अधूनमधून काही जिल्ह्यांत ज्वारी आली की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. कारण उघड आहे. सरकारची खरेदी आणि गोदामं वर्षानुवर्षं गव्हा-तांदळाभोवती बांधली गेली. हमीभाव ज्वारीलाही असतो, उलट जास्तच असतो. 2023-24 च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे 3,180 रुपये जाहीर झाले होते, गव्हाला 2,125. पण जाहीर होणं वेगळं आणि काट्यावर घेणारा उभा असणं वेगळं. शेतकरी सोयाबीनकडे, उसाकडे, हरभऱ्याकडे गेला. ज्वारी कापायला, मोडायला माणूस मिळेना. आणि ज्या धान्याला गरिबांचं म्हणून नाकं मुरडली गेली, ते शहरात साखर तपासून घेणाऱ्यांच्या ताटात मानानं जाऊन बसलं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, 'श्रीअन्न' असं नावही मिळालं. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे आता पाकिटावर छापून येतं. डोंगरातल्या बाईनं बाळंतिणीला नाचणीचं आंबील देताना तो आकडा कधी पाहिला नव्हता. आणि आता आकडा आला तर भाव तिच्या आवाक्याबाहेर.

यावर लोकांनी आपापला तोडगा काढलेला आहे. रेशनचा तांदूळ वाण्याकडे टाकायचा आणि वर पैसे घालून ज्वारी आणायची. आमच्या आत्याच्या गावात हे उघड चालतं. 'रेशन विकतात' म्हणून यावर टीका होते, आणि मोठाले ट्रक भरून जो माल गायब होतो त्याबद्दल ती व्हायलाच हवी. पण आत्याची पाच-सहा किलोची अदलाबदल मला गैरवापर वाटत नाही. देणाऱ्यानं जे विचारलं नाही, त्याचं उत्तर ती स्वतः देतेय, तेही पदरचे पैसे घालून, घाट्यात. ज्वारी घरी आली की ती पाखडायला बसते तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला आहे. तांदूळ ती पाखडत नाही.

त्या तांदळासाठी तिला अंगठा द्यावा लागतो. म्हणजे यंत्रावर टेकवावा लागतो. गावात म्हणतात, "अंगठा उठंना." आयुष्यभर कापूस वेचून, भांडी घासून, शेण लावून बोटाच्या रेघा झिजल्या. यंत्राला आत्या सापडत नाही. एकदा मी बरोबर गेले होते. दुकानदार भला माणूस, ओरडला नाही. आत्यानं अंगठा पदराला पुसला, फुंकर मारली, टेकवला. नाही. दुसरा अंगठा. नाही. मग मधलं बोट. मागे रांग चुळबुळत होती. ती वळून त्या सगळ्यांकडे पाहून हसली, शाळेत उत्तर न आलेलं पोर हसतं तसं. पाचव्या की सहाव्या वेळेला पावती निघाली. परत येताना ती म्हणाली, "बघ, मीच हाय म्हणून मलाच सांगावं लागतंय." आणि मग घरापर्यंत एक शब्द नाही.

अन्न देताना माणसाकडून काय काय काढून घेतलं जातं, याचा हिशेब आपल्याकडे जुना आहे. 1876-77 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरच्या गड्यासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढी मजुरी पुरेशी ठरवली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! त्याच दुष्काळात, 20 एप्रिल 1877 रोजी, ओतूरहून सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. जनावरं मरून पडताहेत, माणसं पोराबाळांना घेऊन परागंदा होताहेत, असं त्यात आहे. सत्यशोधक मंडळींनी तेव्हा पोरांसाठी अन्नछत्रं चालवली. एका बाजूला माणूस किती कमी खाऊन उभा राहू शकतो याचं गणित, आणि दुसऱ्या बाजूला पोराला समोर बसवून वाढणारे हात.

आणि मग महाड. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना माहीत असतं. मार्च 1927 च्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावरांचं मांस आणि दारोदारचे उष्टे तुकडे सोडून द्यायला सांगितलं, हे तितकंसं सांगितलं जात नाही. ज्यांची चूल त्या तुकड्यांवर अवलंबून होती, त्यांनाच सांगितलं. येसकराच्या, म्हणजे गावकीची कामं करणाऱ्या महाराच्या, घोंगडीत पडणारी भाकरी हा म्हटलं तर हक्क होता, पण ती दारात उभं राहून, हाक देऊन, वरून टाकलेली घ्यायची असायची. पोटापेक्षा मान मोठा, असं भरल्या पोटानं म्हणायला काय जातं? त्या माणसांनी अर्धपोटी राहून ते केलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आमच्याच वाड्याचं दार आलं. त्या दारातून काय आणि कसं दिलं गेलं असेल, हे मी आजीला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एक आठवण मात्र आहे. सकाळी दारावर कुणी मागायला आलं, वासुदेव असो, पांगुळ असो, की नुसता भुकेला, आजी आतूनच ओरडून विचारायची, "पीठ घेतोस का भाकर?" ज्याची चूल असेल तो पीठ म्हणायचा, ज्याची नसेल तो भाकर. कधी कुणी म्हणायचं, "आजी, आज पीठच द्या, भाकरी लई झाल्या." मला लहानपणी त्या माणसाचा राग यायचा. मागणाऱ्यानं असं बोलावं? आजी शांतपणे हातातली भाकर टोपलीत ठेवायची आणि पसाभर पीठ नेऊन घालायची.

सरकारलाही कधीकधी हे विचारायला सुचतं. 2020 च्या प्रजासत्ताक दिनाला दहा रुपयांत सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण, भात असं आपलं ओळखीचं ताट होतं. टाळेबंदीत ती पाच रुपयांना झाली. दहा रुपये म्हणजे काहीच नव्हे, पण ते मोजून दिले की माणूस गिऱ्हाईक होऊन बाकावर बसतो. 2022 च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' आला, शंभर रुपयांत किलोभर रवा, किलोभर चणाडाळ, किलोभर साखर आणि लिटरभर पामतेल. आहारतज्ज्ञ कपाळाला हात लावतील अशी यादी. मीही आधी लावला. मग आत्याचा फोन आला, "लाडू वळलेत, येशील का?" त्या वर्षी तिनं शेजारी फराळाचं ताट दिलं आणि शेजारचं ताट आलं. गरिबीत आधी पोट आखडतं हे खरं, पण त्याच्याही आधी शेजारी जाणारं ताट थांबतं. ते फिरलं, याला कुठल्या जीवनसत्त्वात मोजायचं, मला ठाऊक नाही. पोषण म्हणजे शेंगदाणे, अंडी, पालेभाज्या, डाळी, हे मी अजूनही भांडून सांगेन. फक्त लाडू बघून आता कपाळाला हात लावत नाही.

तर ती बाई.

दहा-बारा दिवसांनी आमची दुसरी फेरी होती. या वेळी मी आदल्या दिवशी मार्केट यार्डातल्या ओळखीच्या माणसाकडून ज्वारी मिळवली, गिरणीवाल्याला गळ घातली आणि दोन-दोन किलोची पिठाची पुडकी बांधली. मनातून जरा फुशारकीच वाटत होती. टेम्पोतल्यांना सांगितलं, फोटो काढायचे नाहीत. (पहिल्या फेरीत काढले होते. कुणाला दाखवायचे होते, आठवत नाही.)

ती रांगेत होतीच. मी पुडकं पुढे केलं, म्हटलं, "मावशी, ज्वारीचं आणलंय बघा."

तिनं ते घेतलं. तिथंच गाठ सोडली. चिमूटभर पीठ दोन बोटांत घेऊन चोळलं, मग तळहातावर घेऊन थुंकीइतक्या पाण्याच्या थेंबानं अंगठ्यानं रगडलं. मी उभी. मागची रांग उभी. तिनं हात झटकला.

"जवारीच जुनी दिसतीया. इरी न्हाई ह्याला."

आमच्यातला तो मघाचाच जण माझ्याकडे बघू लागला. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "असू द्या. उकड काढून करीन. पर फुडच्या टायमाला दळून आणू नगा. दाणं आणा. बगून घेऊ, दळायचं आमी बगतो."

आणि पुडकं काखेत मारून, मागे न बघता, ती खोलीकडे गेली.

मी वही उघडली. तिच्या नावापुढे किटचा आकडा लिहायची जागा होती. तिथं लिहिलं: ज्वारी. दळू नये. आधी दाखवणे.